मुलांची चित्रे आणि मोठ्यांचे डोळे

लहान मुलाने काढलेले चित्र हाती आले म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून काय घडते, ते वाचकांस ठाऊक आहेच. मूल पाच वर्षांचे असेल तर चित्राचे कौतुक होते, ते भिंतीला डकविले जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांस दाखविले जाते. तेच मूल अकरा वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या चित्राकडे क्षणभर पाहून 'अरे, याचा हात पोटातून फुटला की काय?' असे कोणी तरी म्हणते, आणि मूल वही मिटते. पुढे बहुतेकांची ती वही पुन्हा उघडत नाही. 'मला चित्र काढता येत नाही' असे सांगणारी जी असंख्य प्रौढ माणसे आपणांस भेटतात, त्यांपैकी बहुतेकांस एके काळी चित्र काढता येत होते. इतकेच नव्हे, तर चित्र काढल्यावाचून त्यांस राहवत नव्हते. मध्यंतरीच्या पाच-सहा वर्षांत नेमके काय हरवले, याचा विचार मानसशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत. त्या विचारातील जे आम्हांस ग्राह्य वाटते आणि जे पटत नाही, ते येथे मांडावयाचे आहे.

हे मांडताना आम्ही पुण्या-मुंबईची मुले डोळ्यांपुढे ठेवलेली नाहीत. शहरातील मुलास रंगपेटी मिळते, शिकवणी मिळते आणि प्रदर्शनही मिळते. आमच्या डोळ्यांपुढे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन शेजारचे तालुके आहेत. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख. शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणत आली आहेत. दौंड हे लोहमार्गाचे मोठे जंक्शन. उसाचे मळे, साखर कारखाने, गुऱ्हाळे, अलीकडच्या काळात रांजणगाव व कुरकुंभ येथे उभी राहिलेली कारखानदारी, आणि या सर्वांच्या मधोमध गावोगावच्या मराठी शाळा. येथील मुलास बालचित्रांचा सिद्धान्त लागू पडतो की नाही हे पाहिल्याखेरीज तो आपल्या कामाचा आहे असे म्हणता येणार नाही.

या शास्त्राचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १८८२-८३ च्या हिवाळ्यात इटलीतील बोलोन्या शहरी कोर्राडो रिच्ची नावाचा कलाभ्यासक पावसापासून आडोसा म्हणून एका कमानीखाली उभा राहिला. तेथील भिंतीवर पोरांनी चित्रे काढलेली होती: वरच्या अंगास थोराड पोरांची, खाली लहानग्यांची, ज्याचा हात जेथवर पोहोचला तेथवर. रिच्ची ती चित्रे पाहत राहिला, आणि १८८७ साली त्याने मुलांच्या कलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. (आपल्याकडे त्या कमानीखाली कोणी उभा राहिला असता तर भिंत खराब करणाऱ्या पोरांच्या शोधात भर पावसात निघाला असता!) रिच्चीच्या ध्यानात आलेली मुख्य गोष्ट ही की, मूल वस्तूचे रूप उतरवून घेत नाही, ते वस्तूचे वर्णन करते. आपण शब्दांत सांगतो, ते रेघांत सांगते. फ्रान्समधील जॉर्ज ल्युके या पंडिताने स्वतःच्या मुलीची चित्रे वर्षानुवर्षे जपून ठेवली, ती चित्र काढताना काय बोलते ते टिपून ठेवले, आणि १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. मूल आपल्या परीने वास्तववादीच असते, असे त्याचे म्हणणे. मात्र सात-आठ वर्षांपर्यंत त्याचे वास्तव हे जाणिवेचे वास्तव असते, डोळ्यांचे नव्हे.

याचा पडताळा कोणासही घेता येईल. दौंडच्या सहा-सात वर्षांच्या मुलास आगगाडी काढावयास सांगावे. डबे तो बाजूने पाहिल्याप्रमाणे काढील. रूळ मात्र वरून पाहिल्याप्रमाणे, शिडीसारखे आडवे घालील. चाके सर्वच्या सर्व दाखवील, पलीकडच्या बाजूचीसुद्धा. आणि डब्याच्या पत्र्यातून आतली माणसे नखशिखान्त दिसतील. ज्या जागी उभे राहिले असता हे सर्व एकाच वेळी दृष्टीस पडेल अशी जागा दौंडच्या स्थानकात नाही. ती पृथ्वीवर कोठेच नाही. शिरूरकडच्या मुलास बैलगाडा काढावयास सांगितले तर जोडीतील पलीकडचा बैल बहुधा अलीकडच्या बैलाच्या वर, हवेत उभा असल्यासारखा येतो, आणि त्याचे चारही पाय शाबूत असतात. पलीकडे उभा राहिला म्हणून बैलाचा पाय नाहीसा कसा होईल? मुलाचे हे उत्तर तर्कदृष्ट्या आपल्या यथार्थदर्शनाच्या नियमांहून अधिक प्रामाणिक आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'मूल जे जाणते तेच काढते' या वाक्याचा अर्थ 'मुलाला दिसत नाही' असा पुष्कळांनी केला, आणि त्यावर शिक्षणाच्या इमारती उभारल्या. १९७२ साली इंग्लंडात नॉर्मन फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग केला. मुलांपुढे कप ठेवला. त्याचा कान मागच्या बाजूस वळविलेला, म्हणून न दिसणारा. समोर मात्र एक फूल स्पष्ट दिसणारे. आठ वर्षांच्या आतील मुलांनी बहुधा न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल गाळले. येथपर्यंत जुन्या सिद्धान्ताचा विजयच म्हणावयाचा. परंतु पुढे १९८३ साली ॲलिसन डेव्हिस यांनी एकाऐवजी दोन कप शेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा आणि दुसऱ्याचा न दिसणारा. तेव्हा कितीतरी लहान मुलांनी दुसऱ्या कपाचा कान बरोबर गाळला. म्हणजे डोळे अधू नव्हते. एकच कप समोर असताना मुलाने प्रश्न ऐकला तो 'कप म्हणजे काय?' असा, दोन कप आले तेव्हा त्याने ऐकले, 'या दोहोंत फरक काय?' दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने चोख दिली. चित्र हे मुलाच्या बुद्धीचे मोजमाप असण्यापूर्वी ते एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न कोणता हे न पाहता उत्तरास गुण देणे ही मास्तरांची जुनी खोड आहे, आणि मानसशास्त्रज्ञही तीपासून मुक्त नाहीत.

या खोडीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्स गुडइनफ यांची १९२६ सालची 'माणूस काढा' ही कसोटी. मुलाने माणसाचे चित्र काढावयाचे; त्यात मान आहे का, बोटे पाच आहेत का, हात खांद्यातून निघतो का, कपडे कोणते, अशा ५१ बाबी तपासून बुद्धीचा अंक ठरवावयाचा. आपल्याकडे बडोद्यास डॉ. प्रमिला फाटक यांनी ही कसोटी भारतीय मुलांसाठी नव्याने बसविली, हे योग्यच झाले. परक्या मुलांच्या चित्रांवरून तयार केलेली मोजपट्टी आपल्या मुलांस जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होते. ही कसोटी अगदी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. वयाबरोबर चित्रातील तपशील वाढतो हे खरे, आणि ज्या मुलास बोलावयाचे धाडस होत नाही त्याचे मन उकलण्यास चित्र हे साधन बरे आहे. पण ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर दौंडच्या फडात आलेले मूल घ्या. वर्षातून काही महिने त्याची शाळा सुटते, हातात खडू कधीमधी येतो. त्याने माणसाला मान काढली नाही तर ते बुद्धीचे उणे की कागदाचे? एकावन्न बाबींत कागदाची बाब नाही.

आता व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्याकडे वळू. हे मूळचे ऑस्ट्रियाचे. व्हिएन्नात अंध मुलांस मातीकाम शिकवीत असता त्यांनी निरीक्षणे केली, नाझींच्या आगमनानंतर अमेरिकेस गेले, आणि १९४७ साली त्यांचा जो ग्रंथ निघाला तो पुढे कित्येक दशके जगभरच्या कलाशिक्षकांचा वेदच झाला. त्यांनी मुलाच्या चित्रविकासाचा जिना रचून दिला: दोन ते चार वर्षे रेघोट्यांची, चार ते सात आकृती जुळविण्याची, सात ते नऊ ठरीव ठशाची, म्हणजे माणूस असाच, झाड असेच, खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची निळी पट्टी, नऊ ते बारा वास्तवाच्या पहाटेची, आणि त्यापुढे हुबेहूबपणाच्या ध्यासाची. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांस हा जिना चटकन ओळखू येईल. पायऱ्यांच्या क्रमाविषयी आमचा फारसा वाद नाही. वाद आहे तो जिना कोठे जातो याविषयी.

जिना म्हटला की वरचा मजला आला. तेथे कोण राहतो? नीट पाहिले तर तेथे युरोपातील एका विशिष्ट कालखंडाची चित्रकला राहते: एका डोळ्याने, एका जागी उभे राहून पाहिलेले जग; दूरचे लहान, जवळचे मोठे, पलीकडच्या बैलाचे पाय अलीकडच्या बैलाने झाकलेले. ही एक थोर शोधलेली रीत आहे. पण ती रीत आहे, मनाचा निसर्गधर्म नव्हे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी जन्मभर दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस काढला. सात वर्षांच्या मुलाचा ठरीव ठसा तो हाच, असे जिन्याच्या हिशेबाने म्हणावे लागेल. पण त्या त्रिकोणांच्या माणसांनी तारप्याभोवती धरलेला फेर ज्याने पाहिला आहे, तो मशे तिसऱ्या पायरीवर अडकले असे म्हणण्याचे धाडस करणार नाही.

हाच घोटाळा दुसऱ्या वाटेने मानवजातीच्या इतिहासातही शिरला. मूल हे आदिमानवाची पुनरावृत्ती करते, म्हणून मुलांची चित्रे आणि प्राचीनांची चित्रे एकाच तागडीत घालावयाची, असा एक मोठा संप्रदाय गेल्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेला, आणि त्याचे अवशेष शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून अद्याप आढळतात. त्यास उत्तर शिरूर तालुक्यातच पुरलेले होते. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. त्या लोकांची जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडविलेली, पक्की भाजलेली, तांबूस अंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी असलेली आहेत. ती रेघ ओढणारा हात शिकलेला, सरावलेला आणि आत्मविश्वासाचा आहे. त्याच वस्तीत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती आणि बैल सापडले. ते मात्र अगदी साधे, चिमटीने ओढून काढल्यासारखे. ज्या गावात इतकी नेटकी भांडी घडत होती त्या गावाला बैल नीट घडविता येत नव्हता असे का मानावे? मूर्तीचे काम निराळे, भांड्याचे निराळे. जेथे जितके रूप पाहिजे तेथे तितके दिले. साधे रूप म्हणजे असमर्थ हात, हे समीकरण इनामगावी टिकत नाही, आणि पहिलीच्या वर्गातही टिकू नये.

आता मुख्य प्रश्न. नऊ ते बारा या वयात मूल चित्र काढणे का सोडते? अमेरिकेत हॉवर्ड गार्डनर यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथात या उताराची मोठी चर्चा केली. पाच वर्षांच्या मुलाच्या चित्रात जो जोम असतो तो दहा-अकराव्या वर्षी मावळतो आणि मोजक्या कलावंतांतच पुढे पुन्हा उगवतो, अशी ही उपपत्ती. आलेखावर मांडली तर खाली उतरून पुन्हा चढणारी वाकडी रेघ दिसते. ही रेघ फार लोकप्रिय झाली, कारण ती प्रौढांच्या मनातील एका दुःखास शास्त्राची मान्यता देते. परंतु १९९७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डेव्हिड पॅरिझर आणि ॲक्सेल व्हॅन डेन बर्ग यांनी एक मार्मिक शंका घेतली. त्यांनी अशी चित्रे पारखण्यास चिनी वंशाचे परीक्षक बसविले, आणि ती वाकडी रेघ नाहीशी झाली! त्या परीक्षकांनी पाच वर्षांच्या मुलांपेक्षा मोठ्या मुलांची काळजीपूर्वक काढलेली चित्रे अधिक चांगली ठरविली. म्हणजे तो उतार मुलांच्या चित्रांत किती आणि आधुनिक चित्रकलेवर वाढलेल्या परीक्षकाच्या डोळ्यांत किती, हे सांगणे कठीण झाले. पाच वर्षांच्या मुलात आपणांस दिसणारा 'जोम' पुष्कळसा आपणच तेथे ठेवलेला असतो.

मग उतार मुळीच नाही काय? आहे, पण तो कर्तबगारीचा नसून हिमतीचा आहे, असे आमचे मत आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एक नवा सोबती लाभतो: त्याच्या स्वतःच्या चित्राचा टीकाकार. कालपर्यंत त्याने काढलेला बैल हा बैल होता. आज तो बैलासारखा दिसत नाही हे त्याला दिसते. ही बुद्धीची वाढ आहे, ऱ्हास नव्हे. हाताहून डोळा दोन वर्षे पुढे गेला, इतकेच झाले आहे. अशा वेळी हाताला डोळ्यापर्यंत पोहोचविणारी काही रीत कोणी द्यावयास हवी. ती मिळत नाही, म्हणून मूल लाजते आणि वही मिटते.

या मताला आधार म्हणून आम्ही प्रयोगशाळा दाखवीत नाही. दिवाळीतला किल्ला दाखवितो. पुणे जिल्ह्यात दिवाळीच्या सुट्टीत दगडमातीचे किल्ले करणारी मुले बहुतांशी याच वयाची, नऊ ते तेरा. ज्या मुलाने शाळेत 'मला चित्र येत नाही' म्हणून कागद कोरा दिला, तोच अंगणात चार दिवस उकिडवा बसून बुरूज लिंपतो, महादरवाजाचे वळण चुकले म्हणून सगळी भिंत पाडतो, टाक्यात पाणी टिकावे म्हणून तळाशी काय घालावे यावर मित्राशी भांडतो, उतारावर मोहरी किंवा आळीव पेरतो. हुबेहूबपणाचा ध्यास तोच. परंतु येथे तो त्याला कुजवीत नाही, कामाला लावतो. असे का? एक कारण उघड आहे. मातीत डोंगर हा डोंगरच असतो. लांबी, रुंदी, उंची या तिन्हींस जागा आहे. कागदावर मात्र तीन मापे दोन मापांत बसविण्याची युक्ती लागते, आणि ती युक्ती मानवजातीला सापडण्यासही फार काळ लागला. दौंडच्या पोराने ती पाचवीच्या वर्गात आपोआप शोधावी ही अपेक्षाच चमत्कारिक. दुसरे कारण असे की, किल्ल्याला परंपरेने दिलेली एक रीत आहे. महाराज सिंहासनावर सर्वांत वर बसतात आणि ते दरवाजाहून मोठे असतात. त्यावरून कोणी मुलाचे प्रमाणज्ञान काढीत नाही. मोठेपण थोरवीने ठरते, अंतराने नव्हे, हा सहा वर्षांच्या मुलाचा चित्रनियम येथे सबंध गावाने मान्य केलेला असतो. आणि तिसरे कारण, किल्ला पाहावयास लोक येतात.

व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा मोफत चित्रवर्ग काढला आणि मुलाला काही शिकवू नका, त्याला फुलू द्या, असा मंत्र जगाला दिला. कवायतीच्या चित्रकलेविरुद्ध हा मंत्र अत्यंत आवश्यक होता, आणि आजही ज्या शाळेत फळ्यावरचा आंबा चाळीस वह्यांत उतरतो तेथे तो आवश्यक आहे. तथापि त्या वर्गातील जी चित्रे प्रसिद्ध झाली ती पाहिली तर त्या काळच्या व्हिएन्नाच्या सजावटीची छाप त्यांवर स्वच्छ दिसते. न शिकविताही मुले शिकलीच. फक्त शिकविणारा दिसेनासा झाला. मूल हे पोकळीत फुलत नाही. ते भोवतालचे आकार उचलते, त्यांची मोडतोड करते, आणि त्यांतून आपले करते. आपल्याकडील काही उत्साही पालक मुलाला रांगोळीचे ठिपके देण्यासही कचरतात, कारण त्याने म्हणे कल्पकता मरते. ठिपक्यांनी कोणाची कल्पकता मेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. सात ठिपके सात ओळी मांडल्या की त्यांतून काय काय निघते, हे शेजारच्या मुलीशी चुरस लावून शोधणारी मुलगी जे करते त्याला कल्पकतेवाचून दुसरे नाव आम्हांस सुचत नाही.

या ठिपक्यांचा दौंड तालुक्याशी एक लांबचा संबंध आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, तेव्हा फिलाडेल्फियास त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. पुढे त्यांचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातील केडगाव येथे उभे राहिले, आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा मिळाला. फ्रोबेलच्या पद्धतीत चित्रकलेचा आरंभ चौकोनी जाळे आखलेल्या पाटीने होतो. मूल त्या रेघांवरून रेघा ओढते, एका घराची, दोन घरांची, मग तिरपी. जर्मनीतील त्या तत्त्वज्ञाचे जाळे आणि केडगावच्या कोणत्याही अंगणातले ठिपके यांत वरवर पाहता फरक नाही. दोन्ही हाताला आधार देतात, दोन्ही चुकण्याची भीती कमी करतात. पण फ्रोबेलच्या पाटीवरची आकृती पुसली जाते, आणि ती कोणासाठी काढली होती हा प्रश्न निघत नाही. रांगोळी दाराशी पडते. तिला दिवस असतो, निमित्त असते, आणि ओलांडून जाणाऱ्याची नजर असते. बैलपोळ्याला मातीचा बैल करणारे मूल तो बैल पूजेसाठी करते, गुणांसाठी नव्हे. रीत दिल्याने मुलाची कला मरत नाही. निमित्त काढून घेतल्याने मरते.

आता शाळेकडे. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांना बसणाऱ्या मुलांत खेड्यांतील शाळांचा भरणा मोठा असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन, असे विषय. या परीक्षांवर टीका करणे फार सोपे आहे, म्हणून आधी त्यांच्या बाजूचे बोलतो. ज्या वयात मुलाच्या डोळ्याला हात पुरा पडत नाही, नेमक्या त्या वयात या परीक्षा त्याला रीत देतात: घागरीचे तोंड वर्तुळ असूनही लंबवर्तुळासारखे का दिसते, सावली कोठे पडते, संकल्पाची पुनरावृत्ती कशी बसवावी. शिरूरच्या एखाद्या मुलास पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचा किंवा पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचा रस्ता दिसतो तो बहुधा याच दारातून. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

दोष वेगळ्या जागी आहे, आणि तो स्मरणचित्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. स्मरणचित्र म्हणजे मुलाच्या आठवणीतले दृश्य. परंतु परीक्षेच्या तयारीत मुलांस आठवणीऐवजी तयार आकृत्या दिल्या जातात: टोपलीवाली बाई पाठमोरी, छत्रीवाला म्हातारा बाजूने, सायकलवाला मुलगा, कोपऱ्यात झाड. विषय 'आठवडे बाजार' आला की त्या मांडावयाच्या. 'बसथांबा' आला की टोपली उतरवावयाची. ज्याच्या घरामागे गुऱ्हाळ आहे, ज्याने काहिलीतून उसळणारा रस आणि चुलाणात चिपाडे ढकलणारा जळवा रोज पाहिला आहे, त्या मुलाच्या स्मरणचित्रात गुऱ्हाळ येत नाही, कारण त्याची आकृती पाठ दिलेली नसते. रीत द्यावी असे आम्ही वर म्हटले. पण ही रीत नव्हे, ही उसनवारी आहे. रीत मुलाला त्याचे स्वतःचे गुऱ्हाळ काढावयास समर्थ करते. उसनी आकृती ते काढण्यापासून वाचविते. पालकही यात निरपराध नाहीत. इंटरमिजिएटचे गुण दहावीच्या निकालात मिळतात म्हणून चित्रकला, आणि गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर, असा हिशेब सुशिक्षित घरांतूनच अधिक चालतो.

वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे देवी प्रसाद यांनी १९४४ ते १९६२ या काळात जे केले त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. शांतिनिकेतनात तयार झालेला हा चित्रकार नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आला, आणि मुलाच्या चित्राकडे त्याने उद्याचा चित्रकार घडविण्याचे साधन म्हणून न पाहता आजच्या मुलाची वाढ म्हणून पाहिले. 'कला हा शिक्षणाचा पाया' अशा आशयाचे त्यांचे पुस्तक आजही शिक्षकांनी वाचण्यासारखे आहे. आमची एकच पुस्ती अशी की, सेवाग्रामला मुलांच्या कलेभोवती शेत होते, कुंभारकाम होते, सण होते, आणि तीच मुले तीच कामे करीत होती. त्या वेढ्यातून चित्रकलेचा तास तेवढा उचलून आणून तो आठवड्याच्या वेळापत्रकात शुक्रवारी दुपारी बसविला तर त्यातून सेवाग्राम निघणार नाही. शिरूर-दौंडला मात्र हा वेढा अजून पुष्कळ शिल्लक आहे. किल्ला आहे, पोळा आहे, रांगोळी आहे, यात्रेचा बैलगाडा आहे. शाळेच्या चित्रकलेने त्यांच्याकडे पाठ फिरविलेली आहे, इतकेच.

घरी मुले असणाऱ्यांस आणि या दोन तालुक्यांतील शिक्षकांस एक गोष्ट सहज करता येईल. मुलाचे चित्र भिंतीला डकविण्यापूर्वी त्याच्या पाठीवर तारीख, मुलाचे वय, आणि चित्र काढताना ते स्वतःशी काय बोलले ते लिहून ठेवावे; ल्युके यांनी आपल्या मुलीच्या बाबतीत जे केले ते एवढेच, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पहिलीतील वर्गाची अशी चित्रे सातवीपर्यंत एका पेटीत जमली, आणि त्यांच्यात गुऱ्हाळाची, आगगाडीची, ऊसतोडीच्या कोपीची चित्रे आली, तर लोवेनफेल्ड यांचा जिना भीमेच्या काठी किती पायऱ्यांचा आहे हे आपले आपणांस मोजता येईल. आणि पाचवी-सहावीत जेव्हा एखादे मूल वही मिटू लागेल, तेव्हा त्याच्या पुढ्यात आधी मातीचा गोळा ठेवून पाहावा. मातीचा बैल एकदा हाती उभा राहिला की तोच टेबलावर ठेवून त्याचे चित्र काढावयास सांगावे, प्रथम बाजूने, मग समोरून, आणि समोरून काढताना त्याचे मागचे दोन पाय कोठे गेले हे त्याचे त्याला शोधू द्यावे.